एस्प्लनेडची वाटणी

परप्रांतात बदलून गेलेल्या मराठी अधिकाऱ्याला नव्या गावी पहिल्या आठवड्यात दोन जागा हमखास दाखविण्यात येतात. एक महाराष्ट्र मंडळ आणि दुसरी सिव्हिल लाइन्समधील जिमखाना. मंडळात गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब, दोन कपाटे पुस्तके आणि नाटकाची तालीम. जिमखान्यात हिरवळ, टेनिसचे जाळे आणि सभोवार कुंपण. मंडळात आपण आपल्या पायांनी जातो; जिमखान्यात आपला हुद्दा आपल्याला नेतो. मीही गेलो आहे, आणि तेथील संध्याकाळी मला नकोशा होत्या असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण त्या कुंपणाबाहेर हातात फळकूट घेऊन उभी असलेली पोरे दिसली, म्हणजे मला मुंबईतील एका जुन्या भांडणाची आठवण होई. सार्वजनिक मैदान खेळणाऱ्या मुलांनी कसे वापरावे, कोणाबरोबर वापरावे आणि ते सरकारने कोणाच्या हवाली करावे, हा आज गावोगावच्या नगरपालिकांपुढे असलेला प्रश्न त्या भांडणात प्रथम उभा राहिला. आणि त्याचा जो निकाल लागला, त्याची फळे आपण अद्याप चाखीत आहो.

‘जिमखाना’ हा शब्दच मुळी असा धेडगुजरी आहे. हॉब्सन-जॉब्सन या कोशाच्या कर्त्यांचा तर्क असा, की मूळचा ‘गेंद-खाना’, म्हणजे चेंडूघर. त्याला ‘जिम्नॅस्टिक’ची फोडणी मिळून हा शब्द तयार झाला. त्याचा पहिला वापर १८६१ साली रुडकीस झाल्याचे ते नमूद करतात. तेव्हा हा शब्द जन्मला कोठे, हे असो. मुंबईने त्याला दिली ती निराळीच गोष्ट: मुंबईने जिमखान्याला जात दिली.

किल्ल्याच्या तटाबाहेर एस्प्लनेड नावाचे जे विस्तीर्ण मोकळे रान होते, ते कोणाच्या खेळासाठी राखलेले नव्हते. तटावरील तोफांना मारा करण्यास समोर अडथळा असू नये, एवढाच त्यामागील हेतू. १८०३ साली किल्ल्यात मोठी आग लागली, त्यानंतर हे रान आणखी मोकळे करण्यात आले. पुढे शत्रू आला नाही, तोफा गंजल्या, आणि गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत १८६० नंतरच्या दशकात तटही पाडून टाकण्यात आला. तोफांसाठी राखलेली जमीन मात्र मोकळीच राहिली. आज आपण जिला ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान आणि कूपरेज अशा चार नावांनी ओळखतो ती हीच. मधून रस्ते गेल्यामुळे तिचे चार तुकडे झाले. दाट वस्तीच्या या बेटावर एवढी जमीन केवळ युद्धाच्या धास्तीने शिल्लक राहिली, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

या रानात क्रिकेट प्रथम गोरे सोजीर खेळत आणि पारशांची मुले ते पाहत. पाहता पाहता ती खेळू लागली. १८४८ साली ओरिएंटल क्रिकेट क्लब निघाला, १८५० साली झोरोॲस्ट्रियन क्लब. आणि नंतरच्या दोन दशकांत पारशी तरुणांच्या लहानमोठ्या क्लबांची नुसती गर्दी उसळली. नावे पाहावी तर ज्युपिटर, मार्स अशी रोमन देवांची. नाही तर विलायतच्या मुत्सद्द्यांची. १८६६ साली बॉम्बे युनियन हा हिंदूंचा क्लब निघाला. यांतील बहुतेक क्लब म्हणजे एक बॅट, दोन चेंडू आणि डझनभर मुले. त्यांच्यापाशी तंबू नव्हता, कुंपण नव्हते, भाडेपट्टा तर नव्हताच. सकाळी जो आधी येई त्याची खेळपट्टी. एकीकडे गुरे चरत, दुसरीकडे वाटसरू चालत, आणि मधून चेंडू धावे. या व्यवहाराला कोणी नाव दिलेले नव्हते. पण सार्वजनिक जागेचा सामायिक उपभोग म्हणतात तो हाच.

१८७५ साली याच मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना उभा राहिला. सभासद फक्त युरोपियन. त्यांना क्रिकेटसाठी स्वतंत्र राखीव हिरवळ मिळाली आणि तिच्यावर एतद्देशीयांनी पाऊल टाकावयाचे नाही असा दंडक होता. एवढ्याने भागते तर कोणी तक्रार केली नसती. परंतु या जिमखान्याचे सभासद पोलोही खेळत, आणि पोलोसाठी त्यांनी निवडली ती आपली हिरवळ नव्हे, तर शेजारची, मुले खेळत ती उघडी जमीन. घोड्यांच्या टापांनी ती जमीन अशी उखडली जाई, की पुढे कित्येक दिवस चेंडू टप्पा घेऊन कोठे वळेल याचा भरवसा नसे. आपले क्रिकेट आपल्या हिरवळीवर, आणि आपले घोडे दुसऱ्यांच्या क्रिकेटवर, असा हा न्याय.

यावर शापूरजी सोराबजी नावाच्या पारशी क्रिकेटपटूने लेखणी उचलली. १८८१ च्या ऑक्टोबरात त्याच्या पुढाकाराने गव्हर्नराकडे एक अर्ज गेला. त्यावर साडेचारशेहून अधिक खेळाडूंच्या सह्या होत्या. या अर्जाविषयी दोन गोष्टी माझ्या मते ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही, की तो केवळ पारशांचा अर्ज नव्हता. मैदानावर खेळणाऱ्या एतद्देशीय तरुणांचा तो एकत्र अर्ज होता. दुसरी ही, की त्यात कोणी स्वतःसाठी जमीन मागितलेली नव्हती. कुंपण घालून द्या, पट्टा करून द्या, असे त्यात काही नव्हते. म्हणणे एवढेच, की मूठभरांच्या पोलोसाठी शेकडो मुलांची जागा खराब होते आहे. पोलो अन्यत्र न्यावा आणि मैदान पूर्वीसारखे सर्वांचे असू द्यावे. अर्जाची भाषा अदबीची, साम्राज्यनिष्ठेची. पण गाभा असा, की त्याला उत्तर देणे कोणत्याही कचेरीला जड जावे.

उत्तर देताना कचेरीने काय केले, हे ज्यांनी आयुष्यभर फाइलींवर शेरे मारले त्यांना सांगावयास नको. १८८२ साली हुकूम निघाला, की पोलो कूपरेजच्या जागेवर हलवावा. मुलांना आनंद झाला. पोलोवाल्यांनी थोड्याच अवधीत कळविले, की कूपरेजची जागा आम्हाला सोयीची नाही. आणि पुढच्याच वर्षी ते जुन्या जागी परत आले. पुन्हा अर्ज, पुन्हा स्मरणपत्रे. शापूरजीने ही सारी कथा १८९७ साली पुस्तकरूपाने छापली. पारशी क्रिकेटचा तो वृत्तान्त आहे, पण पुस्तकाच्या नावातच ‘युरोपियन पोलो विरुद्ध देशी क्रिकेट’ हा लढा त्याने घालून ठेवला आहे. आपल्याकडे खेळाचा इतिहास लिहिताना कोणी धावांबरोबर सरकारी पत्रव्यवहार छापील, असे वाटत नाही. या पारशी गृहस्थाने तो छापला, म्हणून आज आपण हे बोलू शकतो.

मध्यंतरी दोन घटना घडल्या. १८८५ साली पारशी जिमखाना स्थापन झाला आणि १८८७ साली त्याला केनेडी सी-फेसवर, म्हणजे रेल्वे आणि समुद्र यांच्यामधील भरावाच्या जमिनीवर, जागा मिळाली. आणि १८९० च्या जानेवारीत पारशांच्या संघाने बॉम्बे जिमखान्याच्याच हिरवळीवर व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला चार गड्यांनी हरविले. डॉ. मेहेलाशा पावरी यांची गोलंदाजी त्या सामन्यात गाजली. ज्या हिरवळीवर एरवी पाय टाकावयास बंदी, तिच्यावर पाहुणे म्हणून जाऊन तो सामना जिंकण्यात आला, हे शहर विसरले नाही.

त्याच वर्षी लॉर्ड हॅरिस गव्हर्नर होऊन आले. स्वतः इंग्लंडच्या संघाचे कप्तान राहिलेले हे गृहस्थ. त्यांच्या राज्यकारभाराविषयी मुंबईकरांचे फारसे चांगले मत नव्हते. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईत हिंदु-मुसलमानांचा दंगा पेटला असता ते पुण्याहून लवकर हलले नाहीत, हा ठपका त्यांच्यावर कायमचा राहिला. पण क्रिकेटवर त्यांचे प्रेम होते, आणि मैदानाचा प्रश्न त्यांना कळत होता. पारशांप्रमाणे आम्हालाही जागा द्या, असा मुसलमान मंडळींचा अर्ज आला तेव्हा त्यांनी तो मान्य केला, मग हिंदूंचाही. इस्लाम जिमखान्याच्या उभारणीत न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांचा हात होता. १८९४ साली परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना उघडला. समुद्रकाठी तीन जिमखाने उभे राहिले. या जागा देताना हॅरिस यांनी धोरण स्पष्ट केले होते: प्रत्येक जमातीचा एक प्रतिष्ठित जिमखाना निघाला म्हणजे पुढे नव्या अर्जदाराला जमीन मिळणार नाही; त्याने आपापल्या जमातीच्या जिमखान्यात सामील व्हावे.

प्रशासनाच्या दृष्टीने याहून सुटसुटीत निकाल सुचणार नाही. शेकडो क्लबांशी बोलण्याऐवजी तीन संस्थांशी बोलावे. देखभालीचा खर्च त्यांनी उचलावा. सरकारच्या पदरी फक्त पट्टा. शहर आणि खेळणारी तरुण मंडळी यांची भागीदारी म्हणावी तर हीच! खरे तर मी हॅरिस यांना दोष देण्यास कचरतो. त्यांच्या आधी कोणी एवढेही दिलेले नव्हते, आणि घेणाऱ्यांनीही आनंदाने घेतले. परंतु मूळ अर्ज पुन्हा वाचावा. सर्वांनी मिळून मागितले होते ते एकत्र खेळण्याचे मैदान. मिळाले ते जमातवार वाटे. भावाभावांनी अंगणात खाट कोणी टाकावी म्हणून तक्रार करावी आणि वडिलांनी घराच्याच वाटण्या करून मोकळे व्हावे, तसे हे झाले. आणि ज्या घोड्यांमुळे तक्रार उद्भवली, त्यांचा प्रश्न बाजूलाच राहिला.

वाटणीचे व्याज पुढील पिढ्यांनी फेडले. १८९२ पासून पारशी आणि युरोपियन यांचे प्रेसिडेन्सी सामने चालू होते. १९०७ साली हिंदू आले आणि तिरंगी सामने झाले. १९१२ साली मुसलमान आले आणि चौरंगी. १९३७ साली उरलेल्या सर्वांचा ‘द रेस्ट’ हा संघ करून पंचरंगी. एकदा जिमखाना जमातीचा म्हटल्यावर संघही जमातीचा होणार आणि जयघोषही. हे सामने लोकप्रिय होते, खेळ उत्तम होता, हे नाकारण्याचे कारण नाही. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले तेव्हा तो विजय देशाचा मानला गेला. त्या विजयाचा एक शिल्पकार पळवणकर बाळू हा चांभार कुटुंबातला. पुण्यास युरोपियनांच्या जिमखान्यात जाळ्यात गोलंदाजी करून तो महिन्याला चार रुपये मिळवीत असे, आणि पुण्याच्या हिंदूंच्या संघात त्याला घेतले तेव्हाही चहा मिळे तो तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पुढे मुंबईत हिंदू जिमखान्याच्या संघात तो आला. चेंडू त्याने टाकावा, हे सर्वांना हवे होते. कप्तानपद मात्र त्याला कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले, आणि तेही पुष्कळ वादळानंतर. ज्या जिमखान्याने बाळूला दार उघडले तोच जिमखाना ‘हिंदू’ या नावाने ते दार किती उघडावयाचे याची मोजदाद करीत होता, असे मला वाटते.

जमिनीचे वाटे झाले की खुर्च्यांचे वाटे ओघानेच येतात. १९३७ साली ब्रेबर्न स्टेडियम तयार झाले आणि पहिल्याच पंचरंगी स्पर्धेवर हिंदू जिमखान्याने बहिष्कार घातला; कारण, प्रेक्षागारात आपल्या वाट्याला आलेल्या जागा कमी पडल्या. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्यास गांधीजींना भेटली, तेव्हा जमातवार सामन्यांबद्दल त्यांनी स्पष्ट नापसंती सांगितली. तरीही स्पर्धा आणखी काही वर्षे चालली आणि १९४६ साली बंद पडली. खुर्च्यांचा वाद मात्र अमर ठरला. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांचे तिकिटांवरून फाटले. ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम बांधण्यात आले आणि १९७५ च्या जानेवारीत तेथे पहिला कसोटी सामना झाला. एका गावात, जवळ जवळ, दोन प्रचंड क्रीडागारे. जिमखान्यांच्या रांगेशेजारी हे शोभूनच दिसते.

येथे स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. नोकरीत असताना उत्तरेकडील एका जिल्ह्याच्या गावी माझ्याकडे अशीच एक फाइल आली. जुन्या बागेमागे नगरपालिकेचे एक मैदान होते. त्यावर मुलांचे तीन क्लब खेळत आणि आठवड्यातून दोनदा भांडत. एकाने हॉकीच्या काठ्या उगारल्या, दुसऱ्याने विटा. मी नकाशा मागविला, तांबड्या पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या, आणि तिघांना तीन तुकडे देऊन भाडेपट्ट्याची शिफारस केली. भांडणे थांबली, वरिष्ठांनी शाबासकी दिली. हॅरिस यांचे धोरण मी तेव्हा वाचलेले नव्हते. बारा वर्षांनी त्या गावावरून जाण्याचा योग आला. मैदानावर तीन भिंती होत्या. एका तुकड्यात लग्नाचा मांडव पडला होता, दुसऱ्याला कुलूप होते. तिसऱ्यात मुले खेळत होती, पण जागा एवढीशी, की उंच फटका मारणारा बाद, असा त्यांनी नियम केला होता. क्लबांचे पहिले चालक केव्हाच मोठे होऊन पांगले होते. पट्टे मात्र जिवंत होते.

माझ्या पेन्सिलीचे हे झाले छोट्या गावात. मुंबईत तेच मोठ्या प्रमाणावर घडले. महापालिकेने आपली मोकळी मैदाने व उद्याने देखभालीसाठी संस्थांच्या हवाली करण्याचे धोरण काढले, आणि त्यातून काही ठिकाणी सभासदांचे क्लब उभे राहून कुंपण आले. २०१६ च्या जानेवारीत हे धोरण नव्या स्वरूपात मंजूर झाले तेव्हा नागरिकांनी एवढा ओरडा केला, की मुख्यमंत्र्यांना ते स्थगित करावे लागले. दुसऱ्या बाजूला ओव्हलची गोष्ट आहे. हे मैदान एके काळी कचऱ्याने आणि उपद्रवाने असे भरले होते, की संध्याकाळी तेथून जाणे नको वाटे. आजूबाजूच्या रहिवाशांच्या संघाने कोर्टकचेऱ्या केल्या आणि देखभाल आपल्याकडे घेतली. तेथेही रेलिंग आहे, पण दिवसा दार उघडे असते आणि मधून जाणाऱ्या वाटेने कोणीही चालत जातो. म्हणजे देखभाल दुसऱ्याकडे सोपविली की मैदान गेलेच, असेही नाही. पट्ट्याच्या कागदात दाराविषयी काय लिहिले आहे, यावर पुष्कळसे अवलंबून असावे.

आणि जे वाटले गेले नाही ते? एस्प्लनेडचा जो तुकडा आज आझाद मैदान म्हणून ओळखला जातो, त्यावर बावीस खेळपट्ट्या आहेत. क्लबांना त्या नेमून दिलेल्या आहेत, त्यांचे तंबू आहेत, माळी आहेत; पण सीमारेषा एकमेकींत शिरलेल्या. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ साली सुरू झालेली पावसाळी लीग येथे खेळली जाते, आणि एका सामन्याचा मिड-विकेट दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटशी पाठीला पाठ लावून उभा असतो. लॉर्ड हॅरिस यांच्याच नावाच्या शालेय ढालीचे सामनेही येथे होतात. १९८८ च्या फेब्रुवारीत शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली ती याच मैदानावर. २०१३ साली पृथ्वी शॉने ५४६ धावा केल्या त्याही येथेच. दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना आपल्या जागी आहे. १९३३ च्या डिसेंबरात भारतातील पहिला कसोटी सामना तेथे झाला आणि लाला अमरनाथ यांनी ११८ धावा केल्या. त्याची हिरवळ आजही अधिक हिरवी आहे.

गेल्या पावसाळ्यात मी काही कामासाठी मुंबईस गेलो होतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून चर्चगेटकडे जाणारी माणसे मैदानातील पायवाटेने जातात, त्यांच्याबरोबर मीही निघालो. चिखल होता, आणि तीन सामने चालले होते. एक चेंडू घरंगळत वाटेवर आला. मी तो उचलला. दोन बाजूंनी दोन मुले धावत आली, दोघांचे कपडे सारखेच चिखलाने माखलेले. कोणाचा म्हणून मी विचारले. एकाने चेंडू हातात घेऊन शिवण पाहिली, पुसली, पुन्हा पाहिली, आणि दुसऱ्याकडे फेकून दिला. “तुमचा. आमचा जुना आहे.” मागून येणाऱ्या एका गृहस्थाला गाडी गाठावयाची होती; त्याने मला बाजूला सरकण्यास सांगितले.